मंगलाष्टकांच्या वेळी फ्लॅश रुसला : काळ्या पडलेल्या ९७ फोटोंचे प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात नौपाड्यातला एक छोटा स्टुडिओ. मालक स्वतः फोटो काढतात, जोडीला एक सहायक. आल्बमची मांडणी स्टुडिओतच होते, छपाई बाहेरच्या लॅबमध्ये. मे महिन्यात घोडबंदर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात गोरज मुहूर्ताचे लग्न होते. हॉल वातानुकूलित, बाहेरचा उजेड शून्य. वर पिवळे झुंबर, मांडवावर डेकोरेटरचे गुलाबी-जांभळे पार लाइट (रंगीत झोताचे दिवे), समोरून व्हिडिओवाल्याचा एक एलईडी.

मांडवाच्या डाव्या कोपऱ्यात स्टँडवर छत्री लावलेला एकच स्पीडलाइट, म्हणजे सुटा फ्लॅश होता, कॅमेऱ्यावरच्या रेडिओ ट्रिगरच्या इशाऱ्यावर पेटणारा. मालकांचा कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर : शटर १/१६० सेकंद, अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/५.६, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००. फ्लॅश पूर्ण ताकदीवर, म्हणजे १/१. सीमांतपूजनापासून कन्यादानाच्या तयारीपर्यंत याच सेटिंगवर फोटो उत्तम आले होते. विधीचे फोटो सावकाश निघतात, दोन फोटोंमध्ये दहा-वीस सेकंद सहज जातात.

मंगलाष्टकांना तसे होत नाही. ‘शुभमंगल सावधान’ झाले, अंतरपाट खाली आला, की पुढची दीड-दोन मिनिटे बोट शटरवरून उठत नाही. त्यात सहायकाच्या कॅमेऱ्यावरचा ट्रिगरही त्याच चॅनेलवर होता. एकट्याच्या वेगाला न पुरणारा फ्लॅश दोघांच्या हुकमावर पेटत होता. चार डबल-ए सेलवर पूर्ण ताकदीचा फ्लॅश पुन्हा भरायला चार-पाच सेकंद घेतो. आधी तो अर्धवट भरलेला असतानाच पेटू लागला, मग तापला आणि उष्णतेपासून बचावासाठी त्याने स्वतःच काम थांबवले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो आपोआप दिसण्याची सोय बॅटरी वाचवायला बंद ठेवलेली होती आणि समोर नातेवाइकांची भिंत. कोणाच्या काहीच लक्षात आले नाही.

रात्री अकराला कार्ड कॉपी करताना सहायक म्हणाला, ‘‘दादा, मुहूर्ताचे सगळे काळे आलेत.’’

अडचण नेमकी किती खोल

सगळे काळे नव्हते. मालकांच्या कार्डावर मुहूर्ताचे १८६ फोटो होते : ५८ नीट, ३१ अर्धवट उजेडाचे, ९७ काळेकुट्ट. हे सगळे १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत. सहायकाकडचे ४० काळे फोटो मात्र फक्त जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यानेच दाबून लहान केलेले. कार्ड भरेल या भीतीने त्याने दुपारीच रॉ बंद केले होते. तो मुलीच्या आईवडिलांच्या बाजूला उभा होता, त्यामुळे त्या दोघांचे चेहरे जवळून फक्त त्याच्याकडेच होते.

काळे म्हणजे किती काळे, हे आधी मोजले. हे मोजमाप बहुतेक जण टाळतात आणि थेट स्लायडर ओढायला बसतात. इथे एक सोयीचा पुरावा होता : मुहूर्तानंतर मालकांनी समईचा एक फोटो फ्लॅशशिवाय काढला होता, १/१००, एफ/२.८, आयएसओ १६००, आणि तो बरोबर आला होता. हॉलचा मूळ उजेड त्यावरून कळला. शटरचा फरक ०.७ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), अॅपर्चरचा २, आयएसओचा २. एकूण ४.७ स्टॉप. पडताळा म्हणून एका काळ्या फोटोत गुरुजींचे पांढरे उपरणे नीट फोटोतल्या उपरण्याइतके उजळेपर्यंत एक्स्पोजर वाढवले. आकडा तिथेच आला.

४.७ स्टॉप म्हणजे सुमारे २६ पट. आयएसओ ४०० चा फोटो २६ पट उचलायचा, म्हणजे तो आयएसओ १०,००० च्या आसपास काढल्यासारखाच झाला. वर सेन्सरच्या स्वतःच्या कुरबुरीची भर. मालकांचा कॅमेरा दहा वर्षांचा. कमी आयएसओवर सावल्या उचलल्या की त्यात आडव्या पट्ट्या दिसतात, हे आधीपासून माहीत होते.

रॉ आणि जेपेगमधला फरक इथे आकड्यांतच दिसतो. १४ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात. त्यांतल्या सुमारे ६३० वापरात आल्या होत्या. ८ बिटच्या जेपेगमध्ये २५६ पायऱ्या, आणि ढोबळ हिशेबाने पांढऱ्यात पांढरी गोष्टसुद्धा ५५ च्या आत अडकलेली. एका चेहऱ्याच्या वाट्याला त्यातल्या वीसेक. त्या ताणल्या की गालावर कपाट रंगवल्यासारखे सपाट थर दिसतात, कारण मधल्या छटा फाइलमध्ये नाहीतच.

पर्याय

पहिला पर्याय दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरून फोटो पुन्हा काढण्याचा. रिसेप्शनचे असे फोटो लोक काढून घेतात, पण मुहूर्त परत मांडायला घरचे तयार होणार नाहीत हे मालकांना विचारायच्या आधीच ठाऊक होते. तो सोडला.

दुसरा, व्हिडिओतून चित्र उचलण्याचा. चित्रीकरण १९२० बाय १०८० चे. त्यातले एक चित्र ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साडेसहा इंचांपेक्षा मोठे छापत नाही. शिवाय शटर १/५० असल्याने हलते हात पुसट. चित्रण ४-के असते, तर याच पर्यायाने अर्धे काम झाले असते.

तिसरा, पाहुण्यांचे मोबाइल. मोबाइल कमी उजेडात एकामागून एक अनेक फोटो घेऊन जोडतो, त्यामुळे अशा वेळी तो मोठ्या कॅमेऱ्याला लाज आणतो. अडचण एकच : व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो. नवरीच्या भावाकडून कुटुंबाच्या गटात निरोप गेला की मुहूर्ताचे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तीन दिवसांत ६० वर आले, कामाचे १४.

चौथा, ऑनलाइन ‘फोटो सुधारा’ छापाची साधने. सहायकाने एक जेपेग टाकून पाहिला. नवरीच्या आईचा चेहरा स्वच्छ आला, पण तो त्यांचा नव्हता. नाकाची ठेवण बदललेली, कपाळावरची गोंदणखूण गायब. लग्नाच्या आल्बमात हे चालत नाही. पर्याय तिथेच संपला.

राहिले हाताने करायचे काम. त्यातही सगळे ९७ करायचे की निवडक, हा खरा निर्णय होता.

केलेले काम

निवड आधी. स्टुडिओच्या संगणकात ग्राफिक्स कार्ड नाही. लाइटरूम क्लासिक या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एप्रिल २०२३ पासून आलेला एआय डीनॉइज (फोटोतले नको असलेले ठिपके, म्हणजे नॉईज, काढणारी सोय) तिथे एका फोटोला १४ मिनिटे घेत होता. ९७ फोटो म्हणजे साडेबावीस तास, आणि त्यांत एकाच क्षणाचे आठ-आठ फोटो. आधी आल्बमची पाने आखली. मुहूर्ताला २२ जागा निघाल्या. त्यासाठी रॉमधून २६ आणि जेपेगमधून ९ निवडले. २६ चे डीनॉइज एका रात्रीत, सहा तासांत झाले.

काळे-उजळ वेगळे करताना दोन सापळे लागले. लाइटरूममध्ये फ्लॅश पेटला की नाही यावर फोटो चाळता येतात, पण फाइलमध्ये कॅमेऱ्याने काय समजले ते नोंदलेले असते. कोपऱ्यातला फ्लॅश खरेच पेटला की नाही, ते कॅमेऱ्याला कळत नाही. सगळ्या फोटोंवर एकच नोंद होती. शेवटी लघुचित्रे सर्वांत लहान करून डोळ्यांनी निवडले, पाच मिनिटांचे काम. दुसरा सापळा ‘मॅच टोटल एक्स्पोजर्स’ या आज्ञेचा. ती शटर, अॅपर्चर आणि आयएसओ पाहून फोटो जुळवते. इथे तिन्ही आकडे सगळीकडे सारखे होते, बदलला होता तो फक्त फ्लॅश. उजळलेला काळा फोटो नमुना धरून ती आज्ञा दिल्यावर नीट आलेले फोटोही तेवढेच उचलले जाऊन पांढरेफटक झाले.

रॉचे काम. एक फोटो मनासारखा करून त्याची सेटिंग इतर काळ्या फोटोंना दिली, कारण काळे सगळे एकाच खोलीचे होते. एक्स्पोजर +३.८. पूर्ण ४.७ मुद्दाम केले नाही. संध्याकाळचा हॉल संध्याकाळचाच दिसायला हवा आणि शेवटचा एक स्टॉप सर्वांत जास्त घाण वर आणतो. हायलाइट्स (सर्वांत उजळ भाग) –४०, नाहीतर समईची ज्योत आणि पार लाइट फाटतात, म्हणजे नुसते पांढरे होतात. शॅडोज (सावल्या) फक्त +१५. ब्लॅक्स (सर्वांत गडद भाग) –२०, कारण उचललेला काळा रंग काळा राहत नाही, राखाडी-जांभळा होतो. तो परत खाली दाबावा लागतो आणि त्याबरोबर आडव्या पट्ट्याही निम्म्या दडतात.

लेन्स प्रोफाइलमधली कडांचा काळोख घालवणारी सुधारणा बंद केली. ती कोपरे आणखी उचलते, म्हणजे ४ स्टॉप उचललेल्या फोटोचे कोपरे ५ स्टॉपवर जातात. कोपरे काळे राहिलेले बरे.

नवरदेवाच्या काळ्या शेरवानीवर किरमिजी झाक होती. व्हाइट बॅलन्सने (सगळ्या फोटोचा रंगतोल बदलून) ती काढायला गेले की चेहरे हिरवे पडतात. ही झाक फक्त सावल्यांत असते, म्हणून कॅलिब्रेशनमधला ‘शॅडोज टिंट’ हिरव्याकडे –१२ नेला. चेहऱ्यांना धक्का लागला नाही. पार लाइटचा गुलाबी रंग वेगळा; तो खरोखरच गालावर पडलेला उजेड होता. त्यात हिरवा जवळजवळ नसतो, त्यामुळे तो पूर्ण जात नाही. मास्क लावून, म्हणजे फक्त तो भाग निवडून, तेवढ्या भागाचे सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) ३५ ने उतरवले आणि पुढे गेले.

डीनॉइजचे प्रमाण ठरवताना सर्वांत जास्त वेळ गेला. ७० वर चेहरे गुळगुळीत आणि छान दिसत होते. मोठे करून पाहिले तेव्हा हवेतल्या अक्षता नाहीशा झालेल्या. फ्लॅश पेटला असता तर तांदळाचा एकेक दाणा गोठून पांढरा ठिपका झाला असता. इथे १/१६० च्या शटरवर, नुसत्या हॉलच्या उजेडात, अक्षता म्हणजे पुसट पिवळसर रेघा होत्या. सॉफ्टवेअरला त्या आणि नॉईज सारखेच वाटले. नवरानवरीवर लोकांचे हात उगारलेले, आणि हातांतून काहीच पडत नाही, असा विचित्र फोटो तयार झाला. ५० वर काही रेघा परतल्या, ४० वर बहुतेक. शेवटी ४० ठेवले, चेहऱ्यांवर मास्कने थोडे जास्त, आणि सगळ्यावर २० चे ग्रेन (फिल्मसारखा बारीक दाणा). ग्रेनमुळे उरलेल्या पट्ट्या डोळ्यांना टोचत नाहीत.

एका फोटोला वेगळी पद्धत लावली. नवरीची आजी खुर्चीत बसून मुठीत अक्षता धरून वाट पाहते आहे, असे पाच काळे फोटो होते आणि पाचही वेळा ती जवळजवळ स्थिर होती. पाचही फोटो १६ बिट टिफ (तपशील न गमावणारी फाइल) करून फोटोशॉपच्या फाइल, स्क्रिप्ट्स, ‘लोड फाइल्स इनटू स्टॅक’मध्ये एकमेकांवर जुळवून घेतले, स्मार्ट ऑब्जेक्ट केला आणि स्टॅक मोड ‘मीन’ ठेवला. पाच फोटोंची सरासरी काढली की नॉईज सव्वादोन पटींनी उतरतो, आणि काहीही खोटे घातले जात नाही. मागचे पाहुणे भुतासारखे दुहेरी आले. तिथे एकाच फोटोतली पार्श्वभूमी मास्कने परत आणली. संपूर्ण संचातला हा सर्वांत स्वच्छ फोटो ठरला.

अर्धवट उजेडाच्या ३१ फोटोंना फार काही लागले नाही. प्रत्येकाचे एक्स्पोजर वेगळे, ०.७ ते २ स्टॉप, इतकेच.

जेपेगचे काम. इथे पहिल्याच रात्री एक चूक झाली होती. सहायकाने घाईत ११ जेपेग उघडून, उजळून, त्याच नावाने सेव्ह केले. जेपेग दर वेळी सेव्ह होताना पुन्हा दाबला जातो, आणि या फाइलमध्ये गमावण्यासारखे काही उरलेच नव्हते. कार्ड अजून फॉरमॅट झाले नव्हते म्हणून मूळ फाइल पुन्हा मिळाल्या. त्यानंतर दोन्ही कार्डे लिफाफ्यात घालून कपाटात गेली.

फोटोशॉपमध्ये फाइल १६ बिट केली आणि ‘एक्स्पोजर’चा अॅडजस्टमेंट लेयर घातला. स्क्रीन मोडचे (खालचा फोटो उजळवणारे) दोन-तीन लेयर चढवण्याची जुनी सवय इथे नडते. त्याने गडद भाग भसकन वर येतात आणि चेहरा पिठाळ होतो. मग फोटोशॉपच्या ‘लॅब’ मोडमध्ये (इथे उजेड आणि रंग वेगळे ठेवले जातात) जाऊन ए आणि बी या रंगांच्या चॅनेलना ५ पिक्सेलचा गॉशियन ब्लर, म्हणजे पुसटपणा, दिला. रंगाचे ठिपके गेले, पण कुंकू कपाळावर पसरले, पैठणीची जर साडीत विरघळली. जेपेग रंग मुळातच चौकोनी ठोकळ्यांमध्ये साठवतो. इतके उचलल्यावर ते ठोकळे दिसतात आणि ब्लरने फक्त त्यांच्या कडा जातात. रंगीत काम इथे थांबवले.

नऊही फोटो कृष्णधवल करून पाहिले. तिथे एक बारीक गोष्ट ठरवावी लागली. पिवळ्या उजेडात लाल चॅनेल सर्वांत भरलेला आणि निळा जवळजवळ रिकामा असतो, म्हणून नॉईज कमी दिसावा यासाठी पहिले मिश्रण लाल ७०, हिरवा ३०, निळा ० असे केले. चेहरे तजेलदार आले. पण अंतरपाट कोरा झाला. त्यावर कुंकवाने काढलेले स्वस्तिक लाल चॅनेलमध्ये कापडाइतकेच पांढरे असते, ते नाहीसे झाले, कपाळावरचे कुंकूही. मिश्रण उलटे करून लाल ३०, हिरवा ७० केले. थोडा नॉईज वाढला. स्वस्तिक गडद, ठसठशीत परत आले. कापडावरच्या छटांचे थर ग्रेनने झाकले. नऊपैकी चार आल्बमला लायक ठरले. इतर पाच सोडून दिले.

घरच्यांशी बोलणे

तिसऱ्या दिवशी मालक स्वतः नवरीच्या वडिलांकडे गेले. मोबाइलवर काही दाखवायचे नाही, हे आधीच ठरले होते. मोबाइलचा पडदा सगळेच छान दाखवतो आणि मग छापील आल्बम पाहून मन खट्टू होते. एक मूळ काळा फोटो आणि सहा सुधारलेले फोटो कागदावर नेले.

‘‘काका, मुहूर्ताच्या वेळी फ्लॅश बंद पडला. चूक आमची आहे. जे वाचले ते हे,’’ इतकेच सांगितले.

त्यांनी बराच वेळ कागद पाहिले. ‘‘थोडा काळोख असू दे हो. हिची आई रडतेय तो आहे ना?’’ तो कृष्णधवलमधल्या चारांत होता.

निकाल

२२ जागांपैकी १३ रॉमधले रंगीत फोटो, ४ कृष्णधवल, ३ पाहुण्यांच्या मोबाइलचे, २ अर्धवट उजेडाचे. वाचवलेला एकही फोटो ६ बाय ९ इंचांपेक्षा मोठा छापला नाही. २४ मेगापिक्सेलचा फोटो त्या आकाराला आणला की सुमारे पाच पिक्सेलांचा एक होतो आणि नॉईज आपोआप निम्म्याहून खाली येतो. तोच फोटो १२ बाय १८ वर पसरला असता तर फाटला असता. नवरानवरीचा मोठा फोटो नीट आलेल्या ५८ मधून घेतला. मुहूर्ताच्या पानांचे पैसे स्टुडिओने घेतले नाहीत.

एक फटका मात्र बसला. लॅबमधून आलेला पहिला नमुना मातीसारखा निघाला. स्टुडिओचा मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर होता. त्यावर ‘संध्याकाळसारखा’ दिसणारा फोटो कागदावर रात्रीचा झाला. मुद्दाम राखलेला काळोख आणि मॉनिटरचा खोटा उजेड, दोन्ही एकत्र आले. मॉनिटर उतरवून कोऱ्या कागदाशेजारी जुळवला, रंगीत फोटो +४.३ वर नेले, दुसरा नमुना बरोबर आला. वडिलांना नेलेले सहा फोटो स्टुडिओच्या प्रिंटरवरचे होते, त्यामुळे हा घोळ तोवर झाकला गेला होता.

वेगळे काय करता आले असते

संपादनात दोन गोष्टी. लॅबचा नमुना सगळे काम झाल्यावर मागवला; पहिले दोन फोटो झाल्यावर मागवला असता तर २६ फोटो परत उघडावे लागले नसते. आणि पाहुण्यांना निरोप त्याच रात्री जायला हवा होता. तीन दिवसांत काहींनी जागा करायला म्हणून मोबाइलमधले फोटो उडवलेही होते.

पण खरी दुरुस्ती कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये होती. आयएसओ ४०० ऐवजी १६०० आणि एफ/५.६ ऐवजी एफ/४ ठेवले की फ्लॅशला तीन स्टॉप कमी ताकद पुरते : १/१ ऐवजी १/८. तेवढ्या ताकदीवर तो जवळजवळ लगेच भरतो आणि तापत नाही. शटर १/१६० वरून १/१०० केल्याने फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही, हॉलचा उजेड मात्र ०.७ स्टॉपने जास्त येतो. एकूण ३.७ स्टॉपची उशी मिळते. मग फ्लॅश अजिबात पेटला नाही तरी फोटो ४.७ नव्हे, एकच स्टॉप काळा येतो, आणि तो जेपेगमध्येसुद्धा वाचतो. पार लाइटचा गुलाबी रंग थोडा जास्त दिसेल, एवढीच त्याची किंमत.

सहायकाचा ट्रिगर वेगळ्या चॅनेलवर आणि त्याचा स्वतःचा फ्लॅश कॅमेऱ्यावर, हे ओघाने आलेच. त्याला ६४ जीबीचे एक जादा कार्ड दिले असते तर ४० जेपेग रॉ असते.

मालकांनी आता एक चाचणी ठेवली आहे. मुहूर्ताच्या अर्धा तास आधी, ठरलेल्या सेटिंगवर, ट्रिगर मुद्दाम बंद करून मांडवाचा एक फोटो. त्यात गुरुजींचा चेहरा ओळखू आला नाही, तर आयएसओ वाढवायचा.